'तब्बल', 'मात्र' आणि 'च' : विकिपीडियाची तटस्थता नेमकी कुठे अडखळते

फेब्रुवारी २०२५ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांवरच्या इंग्रजी विकिपीडिया लेखातल्या मजकुरावर आक्षेप घेतले गेले आणि महाराष्ट्र सायबर विभागाने विकिमीडिया फाउंडेशनला नोटीस पाठवली. त्याच्या आधी, जुलै २०२४ मध्ये, एएनआय ही वृत्तसंस्था आपल्याबद्दलच्या लेखातल्या टीकेवरून दिल्ली उच्च न्यायालयात गेली होती. दोन्ही वेळा लोकांच्या तोंडी साधारण एकच प्रश्न होता: 'विकिपीडियावाल्यांनी असं लिहिलंच कसं?'

प्रश्न रास्त आहे, पण त्यातला 'विकिपीडियावाले' हा शब्द फसवा आहे. शिवाय विकिपीडिया स्वतःला तटस्थ म्हणवतो म्हणजे नेमकं काय, हे कळल्याशिवाय 'हा लेख एकतर्फी आहे' ही तक्रारसुद्धा नीट करता येत नाही. तटस्थपणाचा एक नियम आहे, तो बऱ्यापैकी काटेकोर आहे, आणि मराठीत लिहिताना तो मोडतो त्या जागा इंग्रजीपेक्षा वेगळ्या आहेत.

## लिहितं कोण?

विकी म्हणजे असं संकेतस्थळ, जिथलं पान वाचणारा माणूस तिथल्या तिथे बदलू शकतो. विकिपीडिया हा अशा पद्धतीने लिहिलेला ज्ञानकोश. इंग्रजीतला १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झाला, मराठीतला १ मे २००३ रोजी. विकिमीडिया फाउंडेशन ही अमेरिकेतली ना-नफा संस्था सर्व्हर आणि सॉफ्टवेअर सांभाळते. लेख लिहिणारे जगभरचे बिनपगारी स्वयंसेवक असतात. त्यांच्यातल्याच काहींना पान काढण्याचे, सुरक्षित करण्याचे, एखाद्या सदस्याला रोखण्याचे अधिकार दिलेले असतात. त्यांना मराठीत प्रचालक म्हणतात. प्रचालक म्हणजे संपादक नव्हे. कोणती बाजू खरी, हे ठरवायचा अधिकार त्यालाही नाही.

श्री. व्यं. केतकरांचा ज्ञानकोश किंवा वाईहून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या देखरेखीखाली निघालेला विश्वकोश आठवा. तिथे नोंद जाणकार लिहितो, संपादक तपासतो, चूक झाली तर जबाबदार कोण ते मुखपृष्ठावर छापलेलं असतं. विकीवर ती खुर्चीच नाही. मग दोन अनोळखी माणसं एकाच वाक्यावरून भांडायला लागली तर निकाल कशाच्या आधारे लागणार? रिकाम्या खुर्चीवर एक नियम बसवला आहे. त्याचं नाव तटस्थ दृष्टिकोन.

## सोसायटीच्या सभेचं इतिवृत्त

ज्यांनी कधी गृहनिर्माण सोसायटीच्या वार्षिक सभेचं इतिवृत्त लिहिलंय, त्यांना हा नियम अर्धा ठाऊकच आहे. सभेत पार्किंगवरून रण माजतं. सेक्रेटरी स्वतः त्या भांडणात एका बाजूने असतो. तरी इतिवृत्तात तो लिहितो: 'सदनिका क्र. १२च्या सभासदांनी वाटप सोडतीने व्हावे अशी सूचना मांडली. सदनिका क्र. ७च्या सभासदांनी ज्येष्ठतेचा आग्रह धरला. मतदान झाले, १८ विरुद्ध ९.' '७ नंबरवाल्यांनी नेहमीप्रमाणे खुसपट काढलं' असं तो लिहीत नाही, कारण पुढच्या सभेत इतिवृत्त वाचून कायम करायचं असतं आणि ७ नंबरवाले तिथे बसलेले असतात.

विकिपीडियाचा नियम याच जातीचा आहे. लेखाने स्वतःच्या तोंडाने बाजू घ्यायची नाही; कोण काय म्हणतं ते त्याच्या नावानिशी सांगायचं. ज्यावर वाद नाही ते मात्र सरळ सांगायचं. 'पृथ्वी सूर्याभोवती फिरते असे शास्त्रज्ञांचे मत आहे' हे वाक्य तटस्थ नाही, चुकीचं आहे. त्यात नसलेला वाद सूचित होतो.

उपमा इथपर्यंत चालते, पुढे तुटते. सभेत प्रत्येक सदनिकेला एक मत. विकीवर मतं माणसांची मोजत नाहीत, स्रोतांची तोलतात. नियमाचा गाभा असा: विषयाबद्दल विश्वासार्ह ठिकाणी छापून आलेली सगळी महत्त्वाची मतं, त्या त्या मताला स्रोतांत जितकं वजन आहे तितक्याच वजनाने, प्रामाणिकपणे मांडायची. त्याच्या जोडीला आणखी दोन नियम चालतात: प्रत्येक वादग्रस्त विधान पडताळून पाहता आलं पाहिजे, आणि स्वतःचं संशोधन इथे पहिल्यांदा मांडायचं नाही. तिन्ही एकत्र वापरायचे असतात. एकटी तटस्थता हवेत तरंगते.

## एक परिच्छेद धुऊन पाहू

समजा बेळगावच्या लेखात कुणी असं लिहिलं:

'बेळगाव हे महाराष्ट्राचे अविभाज्य अंग असलेले ऐतिहासिक शहर आहे. १९५६ साली केंद्राने मराठी जनतेचा विश्वासघात करून ते म्हैसूरच्या घशात घातले. अन्यायकारक महाजन अहवालाने जखमेवर मीठ चोळले. मात्र मराठी बांधव आजही लढत असून त्यांना न्याय मिळणारच.'

मराठी वाचकाला यात खटकण्यासारखं फारसं वाटणार नाही, आणि खरी अडचण तीच आहे. आता वाक्यं एकेक करून घेऊ.

पहिलं वाक्य वस्तुस्थितीशीच जुळत नाही. शहर आज कर्नाटकाच्या प्रशासनात आहे. दावा महाराष्ट्राचा आहे. लेखाच्या पहिल्या ओळीत आजची प्रशासकीय स्थिती आणि लगोलग दावा, असा क्रम लागतो. 'ऐतिहासिक' हा शब्द काढला तर काहीच हरवत नाही, कारण कुठलं शहर ऐतिहासिक नसतं? त्याऐवजी किल्ला कोणी, केव्हा बांधला ते लिहिलं की वाचक स्वतः ठरवतो.

दुसऱ्या वाक्यात तारीख आहे आणि शिवी आहे. तारीख ठेवायची: १ नोव्हेंबर १९५६, राज्य पुनर्रचना कायदा, मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात (म्हणजे आजच्या कर्नाटकात). 'विश्वासघात' ही भावना खरीच लोकांची आहे, म्हणून ती पुसायची नाही. तिला धनी द्यायचा. बेळगाव महाराष्ट्रात यावं म्हणून लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीने किंवा एखाद्या नेत्याने हा शब्द वापरल्याचं छापील साधन असेल तर अवतरणात, नावानिशी, पृष्ठ क्रमांकासह.

तिसऱ्या वाक्यात 'अन्यायकारक' असं म्हटलंय, पण अहवालात काय होतं ते सांगितलेलंच नाही. विकीवर हा दोष फार आढळतो: निवाडा आहे, मुद्दा नाही. केंद्राने १९६६ साली नेमलेल्या मेहरचंद महाजन आयोगाने १९६७ मध्ये अहवाल दिला. २६४ गावं महाराष्ट्राला, २४७ गावं म्हैसूरला द्यावीत आणि बेळगाव शहर म्हैसूरमध्येच राहावं अशी शिफारस केली. महाराष्ट्राने तो अहवाल फेटाळला, म्हैसूरने त्याची अंमलबजावणी मागितली. एवढं लिहिल्यावर महाराष्ट्र का चिडला हे सांगायला विशेषण लागत नाही.

चौथं वाक्य भविष्य सांगतं. कोशात भविष्य नसतं. तिथे २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, ही माहिती हवी.

धुतल्यावर परिच्छेद असा होतो:

'बेळगाव हे कर्नाटक राज्यातील शहर व जिल्ह्याचे मुख्यालय आहे. शहरावर महाराष्ट्राचाही दावा आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना कायद्यानुसार ते मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. १९६६ साली नेमलेल्या महाजन आयोगाने शहर म्हैसूरमध्येच ठेवण्याची शिफारस केली. महाराष्ट्राने ती फेटाळली. २००४ साली महाराष्ट्राने या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला.'

याची परीक्षा सोपी आहे. बेळगावातला समंजस कन्नड भाषक आणि खानापुरातला समंजस मराठी भाषक, दोघांनी हा परिच्छेद वाचला तर कुणीही 'हे खोटं आहे' म्हणू नये. 'अजून लिहायला हवं होतं' असं दोघंही म्हणतील, आणि ते योग्यच आहे. त्यासाठी लेखात पुढे सीमावादाचा विभाग असतो. तिथे १ नोव्हेंबर या एकाच तारखेला कर्नाटक सरकार राज्योत्सव साजरा करतं आणि सीमाभागातले मराठी भाषक काळा दिवस पाळतात, हे दोन्ही एका दमात लिहावं लागतं. एकच लिहिलं की लेख कलला. 'कर्नाटकव्याप्त' हा शब्द भाषणात चालतो. कोशात तो फक्त अवतरणात येतो, बोलणाऱ्याच्या नावासकट.

नावाचंही असंच. कर्नाटकाने १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचं अधिकृत नाव बेळगावी केलं. मराठी लेखाचं शीर्षक काय असावं? सर्वसाधारण संकेत असा की त्या त्या भाषेतल्या विश्वासार्ह लेखनात जे नाव रुळलंय ते शीर्षकाला, बाकीची नावं पहिल्या वाक्यात. नावांवरून इंग्रजी विकिपीडियावर काय रामायण होऊ शकतं याचा नमुना म्हणजे पोलंडमधलं ग्दान्स्क. जर्मन नाव डान्झिग. शेवटी २००५ मध्ये मतदान घेऊन ठरवलं की १३०८ ते १९४५ या काळाबद्दल लिहिताना डान्झिग, एरवी ग्दान्स्क.

## मराठीत कल लपतो तो बारक्या शब्दांत

नवा लेखक 'थोर', 'सुप्रसिद्ध', 'झुंजार', 'कार्यसम्राट' असे शब्द टाकतो. ते फ्लेक्सवरून थेट कोशात आलेले असतात आणि लगेच पकडले जातात. 'सुप्रसिद्ध लेखिका' खोडून तिथे पुस्तकांची नावं आणि पुरस्कारांची सालं टाकली की काम झालं. अनुभवी लेखकाचा कल मात्र अव्ययांत आणि क्रियापदांत दडतो. तिथे नजर पोचायला वेळ लागतो.

'मात्र' घ्या. आत्ता वरच्या वाक्यात मीही वापरलाच. 'सरकारने मदत दिल्याचे सांगितले. मात्र शेतकऱ्यांनी ती मिळाली नसल्याचे म्हटले.' दोन्ही वाक्यं तटस्थ वाटतात, पण 'मात्र'ने दुसऱ्या वाक्याला शेवटचा शब्द दिला. क्रम उलटा करून बघा, निकाल उलटतो. 'मात्र' काढा, दोन वाक्यं शेजारी शेजारी ठेवा.

'च' आणखी बारीक. 'हा ठराव त्यांनी मांडला' आणि 'हा ठराव त्यांनीच मांडला'. दुसऱ्यात बोट रोखलेलं आहे. 'तब्बल ५०० लोक' आणि 'अवघे ५०० लोक' यात आकडा एकच, सभा दोन वेगळ्या. वृत्तपत्रातून मजकूर उचलताना 'तब्बल' हमखास चिकटून येतो.

आकड्याने विशेषणाची जागा घ्यावी, याचं गोव्यातलं उदाहरण चपखल आहे. १६ जानेवारी १९६७च्या जनमत कौलात विलीनीकरणवादी 'थोडक्यात' हरले की विरोधक 'स्पष्ट बहुमताने' जिंकले? केंद्रशासित प्रदेश राहावा या बाजूला १,७२,१९१ मतं, महाराष्ट्रात विलीन व्हावं या बाजूला १,३८,१७०. फरक ३४,०२१. हे तीन आकडे लिहिले की दोन्ही विशेषणं निरुपयोगी होतात.

मग बोलण्याची क्रियापदं. 'म्हटले' आणि 'सांगितले' बिनवासाची आहेत. 'दावा केला'त शंका आहे. 'स्पष्ट केले' आणि 'निदर्शनास आणले' यांत बोलणारा खरा ठरलेला असतो. मंत्र्यांनी 'स्पष्ट केले' आणि विरोधकांनी 'दावा केला' असं एका परिच्छेदात दिसलं तर लेखक कुठे उभा आहे ते कळलं.

मरणाला मराठीत किती शब्द आहेत ते पाहा: निधन, मृत्यू, देहावसान, वीरमरण, हौतात्म्य, समाधी, वैकुंठवास, महानिर्वाण, खात्मा, कंठस्नान. यातला जवळजवळ प्रत्येक शब्द मेलेल्याबद्दल मत देतो. लेखाच्या आवाजात मृत्यू किंवा निधन पुरतं. अनुयायी एखाद्या घटनेला ज्या खास नावाने ओळखतात ते नाव वगळायचं नसतं. महापरिनिर्वाण दिन हे दिवसाचं रूढ नाव आहे, ते तसंच येतं.

सगळ्यात अवघड गाठ आदरार्थी बहुवचनाची. इंग्रजीत हा प्रश्नच नाही. तिकडे राजाही 'ही' आणि चोरही 'ही'. मराठीत क्रियापद लिहायला घेतलं की पक्ष घ्यावा लागतो: 'महाराज आले', 'औरंगजेब आला'. पानिपतच्या लेखात सदाशिवरावभाऊ पडले आणि अब्दाली जिंकला. व्याकरणानेच एकाला पाट दिला, दुसऱ्याला उभं ठेवलं. सगळ्यांना आदरार्थी करावं तर 'अब्दालींनी' मराठी कानाला टोचतं. सगळ्यांना एकेरी करावं तर वाचक लेख वाचण्याआधी भांडायला येतो. यावर सर्वांना पटेल असा तोडगा निघालेला नाही. कामचलाऊ उपाय असा की जिथे जमेल तिथे वाक्याचा कर्ता माणूस न ठेवता सैन्य, तह, फौज, दरबार ठेवायचा: 'अब्दालीच्या फौजेने यमुना ओलांडली', 'मराठ्यांच्या सैन्याची रसद तुटली'. जिथे माणूसच हवा तिथे एका लेखात एका दर्जाच्या माणसांना एकच वचन. कृत्रिम वाटतं, पण भांडणं निम्मी होतात.

उपाध्यांचा निकाल त्यामानाने लवकर लागतो. 'लोकमान्य', 'महात्मा', 'स्वातंत्र्यवीर' ही उपाधी पहिल्या परिच्छेदात, जमल्यास कुणी व केव्हा दिली यासह, एकदा नोंदवायची आणि पुढे आडनावाने चालायचं. ज्या व्यक्तीचं नावच उपाधीशिवाय मराठीत घेतलं जात नाही तिथे रूढीचा मान राखतात.

## 'मग दोन्ही बाजूंना निम्मी निम्मी जागा द्यायची का?'

नाही. तटस्थतेबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज हाच आहे, आणि टीव्हीवरच्या चर्चांनी तो पोसला आहे: एक खिडकी यांची, एक त्यांची. विकीवर जागा स्रोतांच्या वजनाप्रमाणे मिळते.

फलज्योतिषाचा लेख घ्या. पुण्यात जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक चाचणी घेतली होती. तिचे निष्कर्ष २००९ साली 'करंट सायन्स'मध्ये आले. हुशार मुलं आणि मतिमंद मुलं अशा दोन गटांच्या पत्रिका मिसळल्या आणि प्रत्येक ज्योतिषाला ४० पत्रिका देऊन कोणती कुठल्या गटातली ते ओळखायला सांगितलं. २७ जणांनी उत्तरं पाठवली. सरासरी ४६ टक्के बरोबर. नाणं उडवलं असतं तर ५०च्या आसपास आली असती. आता लेखात या चाचणीसमोर 'मात्र अनेकांना अनुभव येतो' असं एक वाक्य तोलाला ठेवायचं का? ठेवायचं नाही. ज्योतिषशास्त्राच्या परंपरेचं, ग्रंथांचं, राशी-नक्षत्रांच्या पद्धतीचं वर्णन लेखात सविस्तर यावं, कारण ती परंपरा खरोखर अस्तित्वात आहे आणि तिच्यावर भरपूर अभ्यास झालाय. भाकितं खरी ठरतात का, या प्रश्नावर वजन वैज्ञानिक स्रोतांचं.

उलटी चूकही होते. एखाद्या नेत्याच्या चाळीस वर्षांच्या कारकिर्दीला तीन परिच्छेद आणि गेल्या महिन्यातल्या एका वक्तव्याला पाच. प्रत्येक वाक्याला संदर्भ आहे, प्रत्येक वाक्य खरं आहे, आणि लेख तरी तिरपा आहे. ताजी बातमी शोधायला सोपी असते म्हणून हे घडतं. 'वाद आणि टीका' नावाचा वेगळा विभाग काढला की तिथे माणसं कचरा आणून टाकतात. टीका ज्या कामाबद्दल असेल त्या कामाच्या परिच्छेदातच ती घ्यावी. छायाचित्रसुद्धा तपासा. एकाचा फोटो सत्काराचा आणि दुसऱ्याचा तोंड उघडं असतानाचा, हीदेखील बाजूच.

## 'जे खरं आहे तेच सरळ का लिहीत नाही?'

कारण 'खरं' काय यावरच भांडण असतं आणि विकीवरचा लेखक साक्षीदार नसतो. आजोबांनी सांगितलेली हकीकत खरी असू शकते. वाचकाला ती तपासता येत नाही. म्हणून स्रोत लागतो: लेखक, ग्रंथ, प्रकाशक, साल, पृष्ठ. पुस्तक इंटरनेटवर नसलं तरी चालतं, मराठीत असलं तरी चालतं. विद्यापीठांची प्रकाशनं, विश्वकोश, तज्ज्ञांनी तपासलेली नियतकालिकं, प्रतिष्ठित वृत्तपत्रातली बातमी हे भक्कम आधार. बातमी आणि अग्रलेख यांत फरक करायचा. अग्रलेख हे मत आहे, ते नावानिशीच येतं.

मराठीत विशेष जपायच्या गोष्टी तीन: गौरवग्रंथ, स्मरणिका आणि पैसे देऊन छापलेली पुरवणी. गौरवग्रंथात जन्मतारीख, शाळा, भाषणांची यादी विश्वासाने घ्यावी; 'महाराष्ट्राच्या जडणघडणीतले योगदान' घेऊ नये. पक्षाचं किंवा संस्थेचं संकेतस्थळ त्या संस्थेची भूमिका सांगायला चालतं, भूमिका बरोबर आहे हे सांगायला चालत नाही.

आणखी एक सापळा आहे. विकीवर कुणी बिनसंदर्भाचं वाक्य टाकतं, बातमीदार घाईत तेच उचलतो, आणि महिन्याभराने ती बातमी त्याच वाक्याला संदर्भ म्हणून जोडली जाते. ओळखायचं कसं? पानाच्या वर 'इतिहास' असतो, त्यात प्रत्येक बदलाची नोंद असते. वाक्य पानावर कधी आलं ती तारीख बघा आणि बातमीची तारीख बघा. वाक्य आधीचं असेल तर संदर्भ बाद.

## 'माणूस तटस्थ असूच शकत नाही'

बरोबर, आणि नियमाची तशी मागणीही नाही. लेखक कट्टर असला तरी चालतो. लेख कट्टर नको. २०१९ मध्ये 'नेचर ह्यूमन बिहेवियर' या नियतकालिकात इंग्रजी विकिपीडियाच्या लेखांवर एक अभ्यास आला होता. ज्या लेखांवर परस्परविरोधी राजकीय कलाच्या लोकांनी मिळून काम केलं होतं, त्यांचा दर्जा सरसकट एकाच विचाराच्या किंवा मध्यममार्गी गटांच्या लेखांपेक्षा चांगला आढळला. भांडणाऱ्याला स्रोत शोधावा लागतो, यात त्याचं मर्म असावं.

अर्थात भांडणाला कुंपण लागतं. इंग्रजी विकिपीडियावर एका पानावर २४ तासांत तीनपेक्षा जास्त वेळा दुसऱ्याचे बदल उलटवले तर सदस्याला रोखलं जाऊ शकतं. पेटलेली पानं सुरक्षित केली जातात; अतिवादग्रस्त विषयांवर ३० दिवस जुनं खातं आणि ५०० संपादनं असल्याशिवाय हात लावता येत नाही. पैसे घेऊन लिहिणाऱ्याने ते जाहीर करणं २०१४ पासून वापराच्या अटींतच आहे. स्वतःचा, नातेवाइकाचा किंवा साहेबांचा लेख लिहू नये हा संकेत आहे आणि तो रोज मोडला जातो.

## 'मराठी विकिपीडियाने मराठी माणसाची बाजू घ्यायला काय हरकत आहे?'

हा प्रश्न मनापासून विचारला जातो, म्हणून उत्तर उदाहरणाने. क्रोएशियन भाषेतल्या विकिपीडियावर साधारण दशकभर मोजक्या प्रचालकांच्या गटाची पकड होती. दुसऱ्या महायुद्धात नाझींना साथ देणाऱ्या उस्ताशा राजवटीचे गुन्हे तिथे सौम्य करून मांडले गेले आणि विरोध करणाऱ्या सदस्यांना बाहेर काढलं गेलं. सगळं देशप्रेमाच्या नावाखाली. २०१३ साली त्या देशाच्या शिक्षणमंत्र्यांनीच विद्यार्थ्यांना तो विकिपीडिया वापरू नका असं सांगितलं. २०२१ मध्ये विकिमीडिया फाउंडेशनने यावर सविस्तर अहवाल काढला. ज्यांच्या अभिमानासाठी ते लिहिलं गेलं त्याच भाषेची मुलं इंग्रजी पान उघडायला लागली तर नुकसान कुणाचं?

धोका छोट्या विकीला जास्त. इंग्रजीत एका वादग्रस्त पानावर शेकडो डोळे असतात. मराठीत कित्येक पानांवर एकाच माणसाचा हात फिरलेला असतो. तिथे विरोधी मत मांडायला दुसरं कुणी नसतं, म्हणून ते काम त्याच लेखकाला स्वतः करावं लागतं. मराठी विकिपीडियातली 'मराठी' ही भाषा आहे, पक्ष नव्हे; बेळगावबद्दल मराठी आणि कन्नड विकिपीडियावर भाषा वेगळी असावी, सालं आणि गावांचे आकडे तेच असावेत.

## खटला भरला की मजकूर तटस्थ होतो का?

न्यायालय बदनामी झाली का, कायदा मोडला का, हे ठरवतं. तटस्थता हा वेगळा प्रश्न आहे. एखादं वाक्य कायद्याने निर्दोष आणि तरी तिरपं असू शकतं. एएनआय प्रकरणात तर त्या खटल्यावरच विकिपीडियावर पान तयार झालं, दिल्ली उच्च न्यायालयाने ते काढायला सांगितलं, आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो काढण्याचा आदेश रद्द केला. मूळ लेखातलं वाक्य कसं लिहावं, हा प्रश्न शेवटी लेख लिहिणाऱ्या स्वयंसेवकांकडेच परत येतो.

## एकतर्फी लेख दिसला तर

पुसू नका. पुसलेलं पाच मिनिटांत परत येतं आणि तुमचा बदल उत्पात म्हणून नोंदला जातो. लेखाच्या वर 'चर्चा' आहे, तिथे लिहा. 'हा लेख पक्षपाती आहे, प्रचालकांनी लक्ष घालावे' या तक्रारीवर कुणालाच काही करता येत नाही. वाक्य दाखवा, दोष सांगा, पर्याय द्या, आधार जोडा. उदाहरणार्थ:

'सीमावाद या विभागातील दुसऱ्या वाक्यात "विश्वासघात" हा शब्द लेखाच्या आवाजात आला आहे. तो कोणाचा आहे ते नमूद नाही. त्याऐवजी "१ नोव्हेंबर १९५६ रोजी शहर म्हैसूर राज्यात गेले" असे करावे आणि "विश्वासघात" हा शब्द बोलणाऱ्याच्या नावासह अवतरणात घ्यावा असे सुचवतो. आधार व पृष्ठ क्रमांक खाली देत आहे. हरकत नसल्यास येत्या रविवारी बदल करतो.'

मधल्या काळात संशयास्पद वाक्यापुढे 'दुजोरा हवा' असा साचा, म्हणजे तयार खूण, लावता येतो, म्हणजे वाचक सावध होतो. मराठीत बऱ्याचदा रविवारपर्यंत कुणी उत्तर देत नाही. तर रविवारी बदल करा, सारांशाच्या चौकटीत 'चर्चापानावरील सूचनेनुसार' असं लिहा आणि पान निरीक्षणसूचीत टाका, म्हणजे त्यावर पुढे झालेले बदल तुम्हाला कळतील. उत्तर सहा महिन्यांनी येऊ शकतं, आणि ते बहुधा समोरच्या बाजूच्या माणसाचं असतं. त्याने पृष्ठ क्रमांकासह काही आणलं असेल तर ते वाचूनच पुढचा बदल करायचा.